खोली एकाची, दिवाणखाना सगळ्यांचा

शनिवार उजाडला की पौडहून कोळवणकडे येणारा रस्ता पुण्याच्या गाड्यांनी भरून जातो. कुणाला तिकोना चढायचा असतो, कुणी हडशीच्या देवळाला निघालेलं असतं, कुणी चिन्मय विभूतीतल्या शिबिराला. उरलेले सगळे भाताच्या खाचरांशेजारच्या फार्महाउसांवर शांतता शोधायला येतात. शांततेचा भाव शनिवारी चढतो आणि सोमवारी उतरतो, हे आता मुळशीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. याचं दुसरं टोक मात्र सहसा कुणी पाहत नाही. ज्या शुक्रवारी संध्याकाळी शहर आमच्याकडे निघतं, त्याच संध्याकाळी शहरातली कामकाजी हॉटेलं रिकामी व्हायला लागतात. हिंजवडी, खराडी, मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल इथल्या खोल्या सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात. शनिवारी-रविवारी त्या भरायच्या कशा, ही व्यवस्थापकांची नेहमीची डोकेदुखी, आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे दर उतरवणं.

म्हणजे कोळवणच्या माणसाने एखादी रात्र शहरात, एकट्याने आणि जरा थाटात काढायची ठरवली, तर पहिला फायदा त्याला भूगोलच करून देतो. त्याने रहदारीच्या उलट दिशेने निघायचं.

आता कुणीतरी विचारणारच की पुण्यात मावशी असताना हॉटेल कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि पिढ्यान् पिढ्या त्याचं उत्तर ‘नको’ असंच होतं. कोर्टाची तारीख असो, दवाखाना असो की परीक्षा, मुक्काम नात्यातल्या घरी. पण नात्यातल्या घरी आपण पाहुणे असतो. रात्री दहाला सवाई गंधर्व महोत्सवातली मैफल संपवून येणाऱ्या पाहुण्यासाठी मावशीने जागं राहायचं आणि पाहुण्याने त्या संकोचापायी शेवटचा गायक अर्धा सोडून उठायचं, यात दोघांचंही नुकसान. शिवाय हल्ली एकट्याने प्रवास करणारे वाढले आहेत, त्यात बायकाही आहेत आणि साठी ओलांडलेलेही. त्यांना मुक्कामाची जागा नुसती सोय म्हणून नको असते. प्रवासाचा एक भाग म्हणून ती चांगली, देखणी असावी असं त्यांना वाटतं.

देखणं हॉटेल निवडताना बहुतेक जण खोली पाहतात. पलंग, खिडकी, न्हाणीघरातल्या फरशा. माझ्या मते एकट्या माणसाने खोली शेवटी पाहावी. दोघं किंवा कुटुंब असेल तर खोलीच घर होते, गप्पा तिथेच होतात. एकट्याला खोलीत झोप आणि आंघोळ यांपलीकडे काही नसतं. त्याचा मुक्काम खरा घडतो तो खोलीबाहेर, म्हणजे खालच्या दालनात, जेवणाच्या टेबलाशी, जिन्यात आणि दाराबाहेरच्या रस्त्यावर. हॉटेलचा थाट एकट्या माणसाच्या उपयोगी पडतो की नाही, हे या चार ठिकाणी ठरतं.

मराठी माणसाला हे नवं नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे असंच ठिकाण. लोकमान्य टिळक मुंबईला आले की तिथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं. पुण्याहून आलेल्या एका माणसाचा मुक्काम, पण त्याच्याभोवती भेटीगाठी, चर्चा, वर्तमानपत्राचं काम असं सगळं चाले. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मूकपटांच्या काळातले निर्माते-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली पूना गेस्ट हाऊस काढलं आणि ते नाटक-सिनेमातल्या माणसांचं बसण्या-उठण्याचं ठिकाण झालं. या जागांना आजच्या अर्थाने कुणी सजवलेलं नव्हतं. तिथे वर्दळ मात्र योग्य प्रकारची होती, आणि एकटा आलेला माणूस तिथे एकटा पडत नसे.

श्रीमंती थाटाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल उभं राहिलं ते इंग्लंडात ओतलेल्या लोखंडी सांगाड्याचं. ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते तिथेच, ७ जुलै १८९६ रोजी. जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही. सूडाच्या कथा चटकन पसरतात, एवढंच म्हणावं. पुरावा आहे तो दुसऱ्या एका गोष्टीला, आणि ती मराठी वाचकाला जास्त जवळची वाटावी. १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालेल्या ताजच्या आराखड्यावर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांची नावं आहेत. पुढे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केलं. ताज आणि मुळशी यांचं नातं मात्र गोड नाही. पुढे त्याच टाटांच्या कंपनीने पलीकडच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतलं, शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्यात तयार झालेली वीज मुंबईला गेली. आज पुण्यात जे. डब्ल्यू. मॅरियटसारखं पंचतारांकित हॉटेल सेनापती बापट रस्त्यावर उभं आहे. पत्ता सांगताना मुळशीच्या माणसाच्या तोंडी ते नाव येतं तेव्हा जरा वेगळंच वाटतं.

ताज सुरू झालं त्याच १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्था वॉशिंग्टन हॉटेल सुरू झालं, फक्त स्त्रियांसाठी. कारण साधं होतं. संध्याकाळनंतर एकट्या आलेल्या बाईला खोली किंवा जेवण द्यायला प्रतिष्ठित हॉटेलं तयार नसत. १९०७ मध्ये हॅरियट स्टँटन ब्लॅच आणि त्यांची मैत्रीण यांना तिथल्याच हॉफमन हाउसच्या गच्चीवरच्या उपाहारगृहाने सोबत पुरुष नाही म्हणून जेवण नाकारलं. ब्लॅचबाईंनी दावा लावला आणि त्या हरल्या. आज असं कुणी उघड म्हणत नाही. पण एकट्या गिऱ्हाइकाला स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारचं टेबल देणं, किंवा ‘एकच का?’ असं चारचौघांत मोठ्याने विचारणं, हे त्याच वृत्तीचं उरलेलं शेपूट आहे. महागडी हॉटेलंही यातून सुटलेली नाहीत.

एकट्या माणसाचं हॉटेल खऱ्या अर्थाने बदललं ते १९८०च्या दशकात. लंडनमध्ये १९७८ साली ब्लेक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत १९८१ साली बेडफर्ड अशी छोटी, वेगळ्या धाटणीची हॉटेलं निघाली होती. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी मॉर्गन्स काढलं. दोघांचं आधीचं गाजलेलं काम म्हणजे एक नाइट क्लब. त्यामुळे त्यांना हॉटेल कसं चालतं हे माहीत नव्हतं, पण अनोळखी माणसं एका जागी का रेंगाळतात हे चांगलं माहीत होतं. सजावट आंद्रे प्युटमन या फ्रेंच डिझायनरची. खोल्या लहान ठेवून खालचं दालन असं करायचं की शहरातली माणसंसुद्धा तिथे येऊन बसतील, ही श्रेगर यांची ओळख बनलेली कल्पना. आज ज्याला आपण बुटिक हॉटेल म्हणतो त्याची घडी तिथून बसली. हा हिशेब धंद्याचाही होता, कारण लहान खोलीचा खर्च कमी आणि दालनातली गर्दी पैसे देऊन बसते. पण त्यातून एकट्या प्रवाशाचं भलं झालं. तो खोलीतून खाली उतरला की शहर तिथेच भेटायला आलेलं असतं.

म्हणून हॉटेल निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की इथल्या खालच्या दालनात किंवा कॅफेत न राहणारे लोक येतात का? याचं उत्तर सुट्टीच्या दिवशी दुपारी चहा प्यायला गेलं तरी मिळतं. मुंबईच्या ताजमधल्या सी लाउंजमध्ये चहा प्यायला तिथे उतरावं लागत नाही. चहाची किंमत घाम फोडणारी असली तरी ती खोलीच्या भाड्याच्या मानाने काहीच नाही, आणि हॉटेल एकट्या गिऱ्हाइकाशी कसं वागतं याची ती सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

दुसरा प्रश्न रस्त्याचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण एकट्याच्या बाबतीत अर्धं हॉटेल रस्त्यावरच असतं. रात्री साडेनऊला जेवून परत येताना दुकानं उघडी असतात का? पदपथ चालण्याजोगा आहे का? भोवती निव्वळ काचेच्या कचेऱ्या असतील तर रात्री आठनंतर तिथे पहारेकरी सोडून कुणी नसतं. वर म्हटलेली शनिवारची स्वस्त कामकाजी हॉटेलं नेमकी इथे मार खातात. हिंजवडीत खोली उत्तम मिळेल, पण रविवारी सकाळी पायी जाण्यासारखं काही सापडेल याची खात्री नाही.

कोळवणहून येणाऱ्याला पुण्यात मेट्रोने हा प्रश्न बराच सोपा केला आहे. पौड रस्त्याने पिरंगुट, चांदणी चौक ओलांडून कोथरूडला आलं की वनाझ स्थानक लागतं. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू आहे आणि शहराच्या मुक्कामाच्या तीन वेगळ्या तऱ्हा तिच्यावर आहेत. डेक्कनला उतरलात तर आपटे रस्ता, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता पायाखाली. इथली हॉटेलं मध्यम थाटाची, पण खाली उतरताच पुस्तकं, नाटक, कॉफी आणि आपटे रस्त्यावरच्या श्रेयसची मराठी थाळी. पुणे रेल्वे स्थानक किंवा रुबी हॉलला उतरलात तर मंगलदास रस्त्यावरचं कॉनरॅड आणि आसपासची मोठी नावं. तिथे आतला झगमगाट पुरेपूर, पण बाहेर मोटारींचं राज्य. बंडगार्डनपासून रिक्षाने कोरेगाव पार्क. किर्लोस्करांनी उभारलेलं ब्लू डायमंड याच भागातलं, आणि ओशो आश्रमाला लागून असलेलं सुंदरबन हे जुन्या बंगल्यातलं हिरवळीभोवतीचं हॉटेलही. जगभरून एकटी माणसं या भागात इतकी वर्षं येत आली आहेत की एकट्याचं टेबल इथे कुणाच्या नजरेत भरत नाही. पहिल्यांदाच एकट्याने राहणाऱ्याला मी डेक्कन सुचवेन. थाट थोडा कमी, पण रात्री चालता येतं, आणि नाटक सुटल्यावर गर्दीबरोबर परतता येतं.

मुंबईत हीच कसोटी दक्षिण टोकाकडे नेते. सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. तिथून चर्चगेट, कुलाबा, मरीन ड्राइव्ह हा सगळा पायी फिरण्याचा मुलूख. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावते, त्यामुळे विमानतळाकडून येणाऱ्यालाही आता हा भाग दूर नाही. २०१८ साली युनेस्कोने इथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरवला. त्यात ९४ इमारती आहेत, आणि मरीन ड्राइव्हच्या पहिल्या रांगेतल्याही येतात. याच रस्त्यावरचं सी ग्रीन हॉटेल हे माझ्या मते एकट्यासाठीच्या थाटाचं चांगलं उदाहरण आहे. आतली सजावट साधी, काहींना जुनाट वाटेल अशी. पण समोरच्या कठड्यावर रात्री उशिरापर्यंत अख्खी मुंबई बसलेली असते, आणि अशा शेजारापुढे संगमरवरी दालन फिकं पडतं. उलट चवीचं उदाहरण हवं असेल तर रीगल चित्रपटगृहाजवळच्या लॅन्सडाउन हाउस या जुन्या इमारतीतलं अबोड. मोजक्या खोल्या, जुन्या मुंबईचं लाकूड आणि फरशा, आणि खाली कुलाब्याचा गजबजाट.

गोव्यात पणजीच्या फोंतैन्यांश वाड्यातलं पंजिम इन हेही याच जातीचं. एकोणिसाव्या शतकातलं घर, ओटीवजा व्हरांडा, आणि बाहेर गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार बिचकते आणि चालणारा सुखावतो. समुद्रकिनाऱ्यावरची आलिशान संकुलं जोडप्यांसाठी बेतलेली असतात. एकट्याने गोव्यात पणजीलाच राहावं.

तारांकनावर किती विसंबावं? केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती एक ते पाच तारे देते आणि १९५० पूर्वीच्या वास्तूंसाठी हेरिटेज हा वेगळा वर्ग आहे. वर्गीकरण पाच वर्षांपुरतं असतं. तारे मोजतात ते सोयी: खोलीचं क्षेत्रफळ, लिफ्ट, उपाहारगृह, परिषदेचं दालन, पोहण्याचा तलाव. यातल्या निम्म्या गोष्टींचा एकट्याला उपयोग नाही, आणि चव तर कुठलाच तारा मोजत नाही. शिवाय वर्गीकरण ऐच्छिक असल्यामुळे कितीतरी चांगली छोटी हॉटेलं त्या यादीत नसतातच.

खोलीबद्दल थोडंच सांगायचं आहे. जाहिरातीतले फोटो रुंद भिंगाने काढलेले असतात, त्यामुळे दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. अशा फोटोत पलंगावर नजर ठेवावी. मोठा दुहेरी पलंग साधारण सहा फूट रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत किती जागा उरते ते त्या मापाने ताडता येतं. दिव्यांचंही पाहावं. सुंदर खोल्यांत वाचायला पुरेल असा दिवा नसणं ही फॅशनच आहे, आणि रात्री एकट्याला पुस्तकाशिवाय दुसरं कोण असतं? लिफ्टच्या अगदी शेजारची खोली आवाजाची असते, पण लांब बोळाच्या टोकाच्या खोलीपेक्षा एकट्या बाईला तीच बरी वाटू शकते. दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असलेली खोली मात्र सरळ नाकारावी.

पैशांचा हिशेब जरा नीट समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे भाडं माणशी नसतं, खोलीमागे असतं. म्हणून एकट्याला दोघांच्या खोलीचे जवळपास पूर्ण पैसे पडतात. एकट्याचा म्हणून जो दर दाखवतात त्यात बहुधा दुसऱ्याच्या नाश्त्याएवढीच सूट असते. मराठी सहल कंपन्यांबरोबर जाणाऱ्यांना हा खर्च स्वतंत्र खोलीच्या जादा आकाराच्या रूपाने माहीत असतो. तो टाळायचा तर अनोळखी सहप्रवाशाबरोबर खोली वाटून घ्यायची. जपानमध्ये कामकाजी हॉटेलांत एकाच माणसाची छोटी खोली हा नेहमीचा प्रकार आहे. आपल्याकडे ती जवळपास नाहीच.

कराची रेषाही डोक्यात असू द्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर १८ टक्के. खोली ७,४०० ची असेल तर बिल ७,७७० होतं. तीच ७,६०० ची असेल तर ८,९६८. म्हणजे दरात दोनशेचा फरक आणि खिशाला जवळपास बाराशेची चाट. सीमारेषेच्या थोडं वर असलेल्या हॉटेलला फोन करून ‘साडेसात हजारांत बसवता का?’ असं विचारायला लाजू नये. आठवडाअखेरीस रिकाम्या खोल्या असतील तर त्यांनाही ते परवडतं. जेवणाच्या बिलातलं सेवा शुल्क हे कर नव्हे, ते ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी मार्गदर्शक तत्त्वं २०२२ पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली.

आता एक अडचण खास आपल्या जिल्ह्याची. पुण्यातली बरीच लहान-मध्यम हॉटेलं ‘लोकल आयडी’ चालत नाही म्हणतात. आधारवर ‘ता. मुळशी, जि. पुणे’ असं दिसलं की काउंटरवरचा माणूस मान हलवतो, पैसे आगाऊ भरलेले असले तरी. याला कायद्याचा आधार नाही. ज्या गावचे त्याच गावच्या हॉटेलात कशाला येतील, या संशयातून आलेला हा हॉटेलवाल्यांचा स्वतःचा नियम आहे. एकट्या बाईला तर त्याचा जास्तच त्रास होतो. रात्री काउंटरवर भांडण्यापेक्षा आरक्षणाआधी फोनवर विचारणं शहाणपणाचं: ‘पुणे जिल्ह्याचं आधार आहे, चालेल ना?’ उत्तर अडखळत आलं तर दुसरं हॉटेल शोधावं. मोठ्या साखळ्यांत हा प्रश्न सहसा येत नाही. ओळखपत्राची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसणारं आधार वापरता येतं, ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्रही चालतं.

सुरक्षिततेची चर्चा निघाली की कुलूप, कडी, दाराची दुर्बीण यांवर भर असतो, आणि तो योग्यच आहे. चांगलं हॉटेल ओळखण्याची त्याहून बारीक खूण काउंटरवर दिसते. मुरलेला कर्मचारी खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारत नाही, किल्लीच्या पाकिटावर लिहिलेला बोटाने दाखवतो. तो मोठ्याने सांगितला गेला तर खोली बदलून मागायला संकोचू नये. आयटीसीच्या हॉटेलांनी एकट्या स्त्री प्रवाशांसाठी ईव्हा नावाच्या खोल्या ठेवल्या आहेत, तिथे सेवेलाही स्त्रियाच असतात. मुंबई विमानतळाजवळच्या आयटीसी मराठात राहायचं असेल तर त्याबद्दल आधी विचारून घ्यावं. राज्य सरकारच्या जून २०२३ मधल्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणाचा रोखही इकडेच आहे. पर्यटन व्यवसायात उतरणाऱ्या स्त्रियांच्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. बाईने चालवलेल्या हॉटेलात एकट्या बाईला कमी प्रश्न विचारले जातात, असं मानायला जागा आहे.

पण ज्याकडे जवळपास कुणीच पाहत नाही तो धोका आगीचा. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीत करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली आणि १७ जणांचा जीव गेला. धूर बोळातून पसरतो, लाकडी-कापडी सजावट तो वाढवते, आणि झोपेतला माणूस अंधारात जिना शोधत राहतो. दोघं असतील तर एक दुसऱ्याला उठवतो. एकट्याला उठवणारं कुणी नसतं. म्हणून खोलीत सामान ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे दारापासून आपत्कालीन जिन्यापर्यंत चालून जाणं, मधली दारं मोजणं आणि जिन्याचं दार खरोखर उघडतं का ते ढकलून पाहणं. तिथे चादरींचे गठ्ठे किंवा मोडक्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या तर खाली सजावट कितीही देखणी असो, ते हॉटेल सोडावं. खिडकीही उघडून बघावी. काचेने पूर्ण बंद केलेल्या दर्शनी भागाचा डौल धुरात जिवावर बेतू शकतो.

जेवणाचं काय? थाळी हा एकट्यासाठीच घडलेला प्रकार आहे. एकाच ताटात सगळं, मागवण्यात डोकं चालवायला नको, उरण्याची चिंता नाही. उलट पंजाबी किंवा चिनी हॉटेलात भाजीची वाटी दोघांना पुरेल एवढी येते आणि एकटा माणूस एकाच चवीत अडकतो. मोठ्या हॉटेलात अर्धी वाढणी मागितली तर बहुधा देतात, छापील यादीत नसली तरी. काउंटरशी उंच खुर्च्या असलेलं उपाहारगृह एकट्याला सर्वांत सोयीचं, कारण समोरची खुर्ची रिकामी राहण्याचा प्रश्नच मिटतो. नाश्ता मात्र हॉटेलच्या भाड्यात धरू नये, निदान पुण्यामुंबईत. सकाळी बाहेर पडून इराण्याकडे किंवा एखाद्या उडप्याकडे बसलं की शहराचा दिवस कसा सुरू होतो ते दिसतं, आणि दोन-चारशे रुपये वाचतात ते वेगळे.

थाट आणि बजेट यांचा मेळ बसत नसेल तर पॉड आहेत, म्हणजे एका माणसाच्या झोपेपुरते बंद कप्पे. किशो कुरोकावा या जपानी वास्तुविशारदाने १९७९ साली ओसाकात पहिलं कॅप्सूल हॉटेल रचलं. मुंबईत अंधेरीला २०१७ मध्ये अर्बनपॉड निघालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकातच ४८ पॉडचं हॉटेल सुरू झालं, आणि त्यात स्त्रियांसाठी वेगळा भाग आहे. ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी तिकडे फिरकू नये. बाकीच्यांना एका रात्रीपुरतं ते मजेशीर आहे. स्वच्छ चादर, स्वतःचा दिवा, चार्जिंगची सोय, सामानाला कुलूपबंद कप्पा. सकाळी बाहेर पडताना खोली कुणाशी वाटून घेतली होती असं वाटत नाही, आणि खोलीचं भाडंही दिलेलं नसतं.

आरक्षण करताना रद्द करण्याची मुभा असलेला दर घ्यावा, थोडा महाग पडला तरी. संकेतस्थळांवरच्या अभिप्रायांत एकट्याने राहिलेल्यांचे वेगळे चाळून वाचता येतात. त्यातले मधल्या गुणांचे आधी वाचावेत, कारण खूप खूश आणि खूप चिडलेली माणसं दोघंही तपशील देत नाहीत. मग हॉटेलला थेट फोन करावा आणि संकेतस्थळावरचा दर सांगून तोच मागावा. बऱ्याचदा मध्यस्थाचं कमिशन वाचतं म्हणून ते नाश्ता किंवा उशिरा खोली सोडायची मुभा वर देतात. खोली मिळायची वेळ साधारण दुपारी दोन, सोडायची अकरा किंवा बारा. डेक्कन क्वीनने सकाळीच उतरणाऱ्याने बॅग काउंटरवर ठेवून बाहेर पडावं. परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच-दहाला सुटते आणि साडेआठच्या सुमारास पुण्यात येते, तेव्हा पौडकडे येणारी शेवटची गाडी गाठायची की डेक्कनला आणखी एक रात्र काढायची, हे मुंबई सोडण्यापूर्वीच ठरवलेलं बरं.